थंड होऊनही न जाणारा गोळा

घरात सगळ्यात लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. चाळिशी आली तरी नाव तेच राहिलं. प्रयोगशाळेत ती चरबीच्या रेणूंच्या सूक्ष्म पिशव्या बनवायची. आत साखरेचं पाणी, बाहेर साखरेचं पाणी आणि मध्ये साबणाच्या फुग्याहूनही पातळ पडदा. काचपट्टी तापवली की गोल पिशवी लांबट व्हायची, मग पेरूसारखी, आणि शेवटी बारीक मानेवर एक छोटा गोळा फुगून यायचा. उष्णतेनं पडदा पसरतो, आतलं पाणी त्या मानानं वाढत नाही. कातडं सैल पडलं की आकार बदलतो, असं तिचं म्हणणं. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, ते परिषदेत मांडणार होते.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. पट्टी थंड झाली की गोळा परत आत जायला हवा. तो काही केल्या जाईना. साखर बदलली, चरबी बदलली, सूक्ष्मदर्शकाचा दिवाही बदलून झाला.

"गेलं का गं तुझं बाळ आत?" वहिनी भाजी चिरताना विचारायची.

"त्याचं नाव काढू नकोस, वहिनी! मेलं हट्टाला पेटलंय."

एका दुपारी वैतागाच्या भरात ती हीटर लावायलाच विसरली आणि चहाला गेली. परत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते तर काय, पिशव्यांना गोळे आलेले! हीटर गारच होता. पट्टीच्या कडेला बोट लावलं तर चिकट लागलं. कडेनं पाणी उडून जात होतं, बाहेरची साखर दाट होत होती आणि ती पिशवीतलं पाणी ओढून घेत होती. उष्णतेनं फक्त घाई केली होती, आणि गेलेलं पाणी पट्टी थंड झाली तरी परत येत नव्हतं.

तिनं चारी कडा मेणानं बंद केल्या आणि पट्टी तापवली. पिशवी जेमतेम अंड्यासारखी झाली, थंड होताच गोल. मान नाही, गोळा नाही.

"मेण आधी नाही सुचलं?" सर कडाडले.

"नाही सुचलं. तुम्हालाही नाही सुचलं."

"एवढ्याशा फरकाला परिषदेत कोण विचारणार?"

"नका विचारू म्हणावं. पण ते गोळे दाखवणार असाल, तर माझं नाव गाळा."

सरांनी परिषदेचा शोधनिबंध मागे घेतला, आणि बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. धाकटीला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त येत होता. एवढी वर्षं ती उष्णता मोजतेय असं समजत होती, आणि मोजत होती वाळणारं पाणी.

पुढे तिनं पिशवी किती लांबट होते, एवढंच नीट मोजलं. ते छापूनही आलं. कुणी कौतुक केलं नाही, कुणी खोडलंही नाही. मेण वितळवताना अजूनही तिचं बोट भाजतं, आणि ती अजूनही तितक्याच जोरात चरफडते.