ताईची वाटी

पेडगावात आम्हा दोघी बहिणींवर गावाचा एकच शिक्का होता: येड्या. हलगी वाजली की आम्ही दोघीही कान झाकायचो. गावाला आणखी काय पुरावा हवा? ताईची ती स्वमग्नता आणि माझा हळवेपणा, हे एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं तोवर माझे केस पिकले होते. पण फरक मला लहानपणापासून ठाऊक होता. ताईची वाटी बदलली तर ती दिवसभर रडायची. वडिलांचा नुसता आवाज बदलला तरी मी रडायचे. तिला माणसांचे चेहरे वाचता येत नसत. मला ते वाचल्याशिवाय राहवत नसे.

नामांतराच्या बंदमुळे मला बघायचा कार्यक्रम दोनदा पुढं गेला. वडिलांना वेगळाच संशय होता: पूर्णेच्या पाहुण्यांच्या कानावर काहीतरी गेलंय. म्हणून तिसऱ्या खेपेला त्यांनी ताईला धान्याच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. मला राग आला, पण मी कडी काढली नाही. लग्न मलाही हवं होतं.

मुलाची आत्या मला बघतच नव्हती. माझे कान बघत होती. पाणी प्यायचं निमित्त करून तिनं तांब्या उचलला आणि माझ्या मागं गेली. मी ओळखलं. हात मांडीखाली दाबले. तांब्या फरशीवर आदळला, दातांत कळ गेली, पण मी हलले नाही.

"पोरगी चांगली हाय की! लोकं काय बी बोलायलेत," आत्या म्हणाली.

तेवढ्यात आतून ताई किंचाळली.

"आत कोन हाय?"

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांची भीती मला लख्ख दिसली.

"मांजर हाय जी. आवाजाला भ्यालं," मी म्हणाले.

आत्याला ते पटलं नसावं, असं मला अजून वाटतं. तरी सुपारी फुटली.

पाहुणे एसटीला गेल्यावर मी कडी काढली. ताई पोत्यांमागं वाकून शोधत होती.

"मांजर कुठं हाय गं? कवाची हुडकायलेय, घावंना."

टोमणा मारते की काय? मी तिचा चेहरा निरखून बघितला. टोमणा नव्हता. ती उठली, स्वैपाकघरातून स्वतःची वाटी घेऊन आली. त्या वाटीला ती मलाही कधी हात लावू देत नसे. तिच्यात दूध होतं. तिनं ती पोत्यांजवळ ठेवली.

मी हुंदका दिला तशी ती माझ्यावर चिडली.

"हळू," ती म्हणाली. "भ्यालंय ते."