साइडकारमधली माझी जागा

व्लास्ताच्या मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमधली जागा माझी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सगळा हिवाळा मी का धुमसत होते ते कळेल.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आमच्या गावातल्या सगळ्या मोटरसायकली गोधड्यांखालून बाहेर निघतात आणि रांगेनं टेकडीवरच्या चर्चला जातात. पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. पुढं वर्षभर कुणी खड्ड्यात पडतं, कुणी दारू पिऊन पडतं, पण त्या दिवशी सगळेच भाविक असतात. रांगेत सर्वांत पुढं व्लास्ताची लाल जावा असते, कारण ती सगळ्यांत जुनी. आणि साइडकारमध्ये, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर खसखशीच्या कोलाचचं, म्हणजे गोल गोड पावांचं, ताट घेऊन मी असते. बोझेना, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. लोक आपापल्या फाटकाशी उभे राहून बघतात. वर्षातून तेवढा एकच दिवस लोक माझ्याकडे बघतात.

व्लास्ता माझी शेजारीण आणि शाळेपासूनची मैत्रीण. जे चांगलं आलं ते तिच्याच पदरात पडलं. अग्निशामक दलाच्या नाचाला ओल्दा आधी माझ्याबरोबर नाचला होता, घरी सोडायला मात्र तिला गेला. मला शाळेच्या स्वयंपाकघरातला डाव मिळाला आणि तिला सहकारी शेतीची मोटरसायकल. गावोगाव फिरून गाईंना कृत्रिम रेतन करायचं तिचं काम. गुत्त्यातले पुरुष तिला बघून ओरडायचे, "बैलांनो, घरी जा, व्लास्ता आली!" ती गाडी न थांबवता म्हणायची, "बैलांचं काम मी एकटी करते, तेही बर्फात. तुम्ही बसा बिअर पीत." मला असलं उत्तर आजवर वेळेवर सुचलेलं नाही. घरी गेल्यावर सुचतं.

पुढं सहकारी शेती बंद झाली तेव्हा ती जावा तिनंच विकत घेतली. चालवायची ती, आणि साइडकारमध्ये बसायचा ओल्दा. बायको चालवते आणि नवरा बाजूला बसतो म्हणून गाव हसलं. ओल्दानं कधी मनावर घेतलं नाही. तो गेला, त्या वसंतात ती गाडी घेऊन माझ्या फाटकाशी आली. इंजिन चालूच होतं.

"बोझेना, बस. रिकामी साइडकार उजव्या वळणावर वर उठते."

हे काय आमंत्रण झालं? वजन म्हणून बोलावलं मला. पण माझ्या फाटकाशी कुणी कधी गाडी घेऊन आलंच नव्हतं. मी बसले. उजवं वळण आलं की अंग बाहेर टाकायचं, नाहीतर साइडकारचं चाक हवेत जातं, हे मी शिकले. व्लास्ता म्हणायची, अर्धी गाडी तू चालवतेस. हे वाक्य मी दुकानात बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

आणि मग ही इलोना आली.

गेल्या शरदात ब्रनो शहरातून आली आणि समोरचं घर घेतलं. पन्नाशीची असेल. केस पोरासारखे कापलेले, अंगात चामड्याचं जाकीट, घरी बसून संगणकावर काहीतरी करते. महिन्याभरात ती व्लास्ताच्या शेडमध्ये. दर हिवाळ्यात व्लास्ता जावा उघडायची तेव्हा विजेरी मी धरायची. कार्बुरेटर पेट्रोलमध्ये बुडायचा, बॅटरी कोठीत जॅमच्या बरण्यांशेजारी ठेवली जायची, एअर फिल्टरमध्ये उंदरानं केलेलं घर निघायचं, आणि मी सूप घेऊन जायचे. आता विजेरी इलोनाच्या हातात. सूप तिनंच नेलं असणार, भोपळ्याचं, शहरी.

कुंपणाच्या फटीतून मला ऐकू यायचं. "इलोना, हवेचा काटा कितीवर आहे बघ गं." "इलोना, तो बारका स्क्रू कुठं पडला?" ज्या बाईनं आयुष्यभर अंगठ्यानं टायर दाबून हवा सांगितली, तिला आता काटा वाचून दाखवायला माणूस लागतं. म्हातारपणी हे काय चाळे, मी मनात म्हटलं.

नाताळच्या आदल्या रात्री मी नेहमीसारखा तिच्याकडे तळलेला कार्प मासा घेऊन गेले. तिनं ताट सरकवलं. "मला आज बटाट्याचं सॅलडच पुरे." लहानपणापासून माझ्या हातचा कार्प खात आलेली बाई. इलोनानं डोक्यात काहीतरी पथ्य भरवलं असणार. फेब्रुवारीत तर कहर झाला. दुकानासमोर मी हात वर केला आणि ती माझ्या अगदी समोरून गेली. साधा नमस्कार नाही. मी टोपली घेऊन तशीच उभी राहिले. घरी येऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला काही कारण असावं.

सगळ्यांत मोठा घाव एप्रिलात बसला. मी कोलाचचं पीठ मळत होते आणि शेजारी जावा सुरू झाली. हिवाळ्यानंतरची पहिली किक व्लास्ता मारते, मी फाटक उघडते आणि दोघी आलुबुखाराच्या घरच्या दारूचा एकेक घोट घेतो, हा आमचा रिवाज. या वर्षी मला कुणी बोलावलंच नाही. पिठाच्या हातानं मी कुंपणाशी धावले. अंगण निळ्या धुरानं भरलं होतं, आणि जावावर इलोना बसली होती. व्लास्ता सख्ख्या भावालासुद्धा त्या गाडीला हात लावू द्यायची नाही. आणि साइडकारमध्ये, माझ्या जागेवर, वाळूचं पोतं. पट्टा लावून बसवलेलं.

इलोना गल्लीच्या टोकाला गेली तशी मी म्हणाले, "पोतं बरं मिळालं तुला."

व्लास्तानं माझ्या आवाजाकडे तोंड फिरवलं. "बरं आहे की. निदान वळणावर किंचाळत नाही."

"मग शनिवारी त्यालाच ने. कोलाचही त्यालाच भाजायला सांग."

"शनिवारी ये, बोझेना. तेव्हा बोलू."

"मी येणार नाही."

"कोलाचमध्ये मनुका कमी घाल," ती म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी मी गेले. फक्त बघायला. कोलाचचं ताट नेलं, कारण भाजलेले होते आणि एकटी किती खाणार. जावा धुऊनपुसून लाल झाली होती. इलोना पेट्रोलमध्ये तेल मिसळून टाकीत ओतत होती. थेंबही सांडला नाही, हेही मला आवडलं नाही.

"नमस्कार," इलोना म्हणाली. "तुम्ही आलात ते बरं झालं."

"तुम्ही कोण बरं-वाईट ठरवणार," मी म्हणाले. तिच्याशी मी मुद्दाम 'तुम्ही'च करत होते.

व्लास्ता हेल्मेट घालून घरातून आली. चाकाला हात लावत, टाकीला हात लावत, गाडीला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि साइडकारमध्ये उतरली. माझ्या जागेवर. पोतं काढलेलं होतं.

"ती माझी जागा आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे." तिनं पट्टा चाचपडत लावला. "मधोमध काही दिसत नाही मला, बोझेना. कडेचं दिसतं. तुझं तोंड म्हणजे नुसता राखाडी डाग आहे. डॉक्टरनं लायसन्स काढून घेतलं."

"कधी?"

"नाताळाआधी."

"कार्पचे काटे," मी म्हणाले.

"काटे दिसत नव्हते. तुझ्यादेखत एखादा घशात अडकला असता तर तू सगळं गाव गोळा केलं असतंस."

दुकानासमोरचा माझा वर केलेला हात मला आठवला. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, रागही गेला नाही.

"हिला सांगितलंस आणि मला नाही."

"तुझ्या पोटात काही राहतं का? दुकानात कळलं असतं, आणि जावाला गिऱ्हाईक घेऊन लोक दारात आले असते. शिवाय हिच्याकडे लायसन्स आहे. तुझ्याकडे खसखस आहे."

इलोनानं किक मारली. मेली गाडीसुद्धा एका किकेत सुरू झाली.

"मग मी कुठं बसू?"

इलोना मागच्या सीटवर थोपटून म्हणाली, "इथं. मला घट्ट धरा."

ताट व्लास्ताच्या मांडीवर गेलं आणि मी त्या चामड्याच्या जाकिटाला मिठी मारून बसले. फाटकाफाटकाशी लोक उभे होते. जिच्या नावानं मी हिवाळाभर बोटं मोडली तिच्या कमरेला मी गच्च धरलेलं अख्ख्या गावानं पाहिलं.

तळ्याजवळ उजवं वळण आहे. इलोना वळली. व्लास्ता ताठ बसून राहिली. तिला वळण दिसलंच नाही. साइडकारचं चाक रस्ता सोडून वर आलं. मी उजव्या हातानं तिच्या खांद्यावर जोरात मारलं. "उजवीकडे!" तिनं अंग बाहेर टाकलं आणि चाक धपकन खाली आलं. तीन कोलाच रस्त्यावर गेले.

"हळू चालव गं," मी इलोनाच्या कानात ओरडले. "पोत्यासारखी उडवू नकोस आम्हाला."

मग मी डाव्या हातानं तिला धरलं आणि उजवा हात व्लास्ताच्या खांद्यावरच ठेवला. उजवं वळण दिसलं की आधी एक थाप. थाप पडली की व्लास्ता झुकायची. शेवटच्या वळणापर्यंत एकदाही चाक वर उठलं नाही.

चर्चपाशी इंजिन बंद झालं. मागची रांग अजून चढण चढत होती. व्लास्तानं हेल्मेट काढलं आणि रस्त्याकडेच्या झाडांकडे मान वर केली. ती झाडं ओल्दानं लावलेली.

"चेरी फुलली का गं?"

मी तोंड उघडण्याआधी इलोना म्हणाली, "हो, काय सुंदर दिसतेय. अगदी गुलाबी."

"पांढरी," मी म्हणाले. "गुलाबी नाही, पांढरी आहे, व्लास्ता. खालच्या फांद्या पूर्ण उमलल्यात, शेंड्याला अजून कळ्या आहेत. ओल्दाचं कोपऱ्यातलं झाड दरवर्षीसारखं मागं राहिलंय." मग मी इलोनाकडे वळले. "तू गाडी बघ. हिला काय दिसायला हवं ते मी सांगेन."