कीबा मारोंगचं गाळलेलं नाव

माझा नवरा अराफांग सुसो जन्माने जाली, म्हणजे खानदानी घराण्यांची कुळं गाणारा पिढीजात गवई. ब्रिकामा गावातल्या घरच्या अंगणात तो सात वर्षांचा असताना बापाने त्याच्या पुढ्यात कोरा हे आमचं तारवाद्य ठेवलं, आणि एकवीस तारांबरोबर मारोंग घराण्याची सगळी नावंही त्याच्याकडून घोकून घेतली. मारोंगांनी आम्हा सुसोंना पोसायचं, आम्ही त्यांची नावं जिवंत ठेवायची. जालीचं दुसरं काम ते काय?

अराफांगचा गाजावाजा झाला तो मात्र परदेशात. नॉर्वेच्या सिग्ने नावाच्या व्हायोलिनवालीबरोबर आम्ही बारा वर्षं कार्यक्रम केले. घरी यायचो ते पाहुण्यासारखे. बाई चांगली होती. तिच्याशी सूर जुळावेत म्हणून हा कोऱ्याच्या दांड्यावरच्या चामडी कड्या तासन्‌तास सरकवत बसायचा. रेकॉर्डिंगच्या वेळी तिने फक्त एवढंच विचारलं, "मारोंगांचं गाणं सहा मिनिटांत बसेल का?"

कोणतं नाव गाळायचं ते मी ठरवलं.

"कीबाला सोड," मी म्हणाले. "ना लढाई, ना घोडा. जन्मभर भुईमूग पेरला त्याने."

अराफांग जरा घुटमळला, पण हो म्हणाला. पुढे प्रत्येक कार्यक्रमात आम्ही तसंच गायलो.

गेल्या वर्षी कीबाच्या ऐंशी वर्षांच्या मुलाच्या, अन्सुमानाच्या, नातवाचं बारसं होतं, म्हणून आम्ही घरी आलो. बाळाला कीबाचंच नाव द्यायचं होतं.

"काय रे जाली, बोटं गोठली का तिकडे?" अन्सुमानाने दारातच टोमणा मारला.

"चालतात बाबा. तुमच्या जिभेइतकी नाहीत, एवढंच."

म्हातारा खूश होऊन हसला.

बाळाचं जावळ उतरलं, इमामाने कानात नाव सांगितलं. आता कूळ गात गात या नव्या कीबापर्यंत यायचं आणि बाळाचं नाव मोठ्याने पुकारायचं. मी लोखंडी कांब वाजवत साथ करत होते. कीबाच्या बापाचं नाव आलं आणि आम्ही दोघं एका दमात थेट अन्सुमानावर गेलो. मेली सवय! कोरा मध्येच थांबला.

"चुकलो बाबा, पुन्हा गातो," अराफांग म्हणाला.

"नको."

म्हातारा काठी टेकत उभा राहिला. आमच्याकडे खानदानी माणूस आपलं कूळ आपल्या तोंडाने सांगत नाही. मरेल, पण ती लाज ओढवून घेणार नाही.

"माझ्या बापाचं नाव कीबा," तो म्हणाला. "भुईमूग पेरायचा. दुष्काळात त्याने बियाणं विकलं आणि सुसोंच्या घरी तांदूळ पोचवला."

हे गाण्यात होतं. मला पाठ होतं. तरी मी ते गाळलं होतं. त्या तांदळावर माझा नवरा लहानपणी जगला होता.

अन्सुमानाने बाळाचं नाव स्वतःच पुकारलं. त्याचा आवाज फाटत होता, आणि तो सावरून घ्यायला आमच्या दोघांचंही तोंड उघडलं नाही.