रिव्हर्स नसलेली गाडी

परवा वरवंडच्या पंपावर नव्या गाडीचा रिव्हर्स सापडेना, म्हणून मी खाली उतरून ती मागं ढकलायला लागलो. बायको आतच बसलेली. लोक हसले, मीही हसलो. पण पेट्रोलच्या वासानं वडगाव रासाईची एक जुनी दुपार आठवली.

पाय मोडल्यापासून माझे वडील, आबा, कुबडीवर आले होते. कुणाचा खांदा न धरता नदीकाठच्या रानात जायचं, एवढीच त्यांची इच्छा. दौंडच्या भंगारात मला चार चाकांच्या बाइकचा सांगाडा मिळाला. आबांच्याच मोटरसायकलचं इंजिन काढून मी त्यात बसवलं. मोटरसायकलला रिव्हर्स नसतो, ती पायानं मागं रेटावी लागते, हे आमच्या इंजिनिअर डोक्यात आलंच नाही.

"आबा, दमानं जावा."

"तू नगं शिकवू. इंजिन माझं हाय."

टोपी सारखी करून ते ऐटीत निघाले.

दिवस कलला तरी परतले नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. बांधाच्या टोकाला, दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर नदीची दरड, अशा जागी गाडी उभी होती. इंजिन गार पडलेलं. आबा तसेच सीटवर बसून पाण्याकडं बघत होते.

"इंजिन झकास बसवलंस रं," एवढंच म्हणाले. मी ती शाबासकी समजलो. त्या गाडीवर ते पुन्हा बसले नाहीत.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो होतो, "एक हाक मारायची ना त्यांनी. घर काय लांब हाय?"

ती म्हणाली, "हाक मारावी लागू नये, म्हणून तर गाडी पायजे होती त्यांना."