छापून आलंय ना!

डोंगरी सायकलींच्या मासिकात मी नव्या सामानाची परीक्षणं लिहितो. राजेंद्र नगरातले माझे एक शेजारी ती पेन्सिलीने खुणा करत वाचतात. कुणी शंका काढली, की म्हणतात, "छापून आलंय ना भिया, मग बस!"

मी वाखाणलेले ब्रेक सायकलला बसवून ते घाट उतरले आणि त्यांनी हात मोडून घेतला. तरी गल्लीभर सांगत होते, "ब्रेक बढिया आहेत, मीच घाबरलो."

काल प्लास्टरातला हात सांभाळत आले. "मुलीसाठी तुमचंवालं हेल्मेट मागवतोय."

त्या हेल्मेटचं परीक्षण मी ते खोक्यातून न काढताच लिहिलं होतं आणि ब्रेक कॉलनीच्या सपाट रस्त्यावरच चालवून पाहिले होते. दोन्ही सांगून टाकलं.

ते हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे भिया, मी सगळ्यांना झूठ सांगत फिरलो?"