दोन टर्मिनलांची अदलाबदल

लातूर जिल्हा नवा होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. टंचाईच्या बातम्यांसाठी मी नांदेडहून तिकडे जात असे. टँकर ठरवणाऱ्या एका कार्यालयात तेव्हा संगणक आला होता. नारळ फुटला त्याच दिवशी हाताने लिहायची यादी बंद झाली.

संगणकाला तारांनी दोन टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलकाचे संच, जोडलेले होते. नवा, मोठ्या पडद्याचा लिपिकाच्या टेबलावर. जुना, लहान पडद्याचा साहेबांच्या दालनात. लिपिकाचा पडदा साहेबांपेक्षा मोठा, ही गोष्ट साहेबांना खपली नाही. रविवारी शिपाई लावून त्यांनी दोन्ही टर्मिनल आपसांत बदलून घेतले. सोमवारी दोन्ही पडद्यांवर कंस, बाण आणि एकमेकांवर चढलेली अक्षरं दिसू लागली.

"यंत्र बिघडलं," साहेबांनी जाहीर केलं.

"बिघडलं न्हाई, साहेब," ऑपरेटर म्हणाला. "तारेच्या टोकाला काय जोडलंय, ते त्याला दिसत न्हाई. नवा टर्मिनल इचारलं तर आपलं मॉडेल सांगतो, जुना मुका हाय. म्हणून कोणत्या तारेवर कोण, ते आपण फायलीत लिवून ठेवलंय. संगणक त्याच भरवशावर चालतो, अन् आता एकाच्या खुणा दुसऱ्याला धाडतोय."

"मग फाईल बदला."

"त्या फायलीचा पासवर्ड वरिष्ठांकडं. ते रजेवर हायेत. टर्मिनल जागेवर ठिवू, पाच मिनिटांचं काम."

दारात एक सरपंच सकाळपासून उभे होते. त्यांच्या गावची शेवटची विहीर आटली होती. यादीतून चिठ्ठी निघाल्याशिवाय दुसऱ्या दिवशी टँकर मिळणार नव्हता.

"पडदे व्हते तिथं ठिवा," सरपंच म्हणाले, "अन् साहेब, मोठाच पायजे तर तुमीच लिपिकाच्या टेबलावर जाऊन बसा की."

कोणी हसलं नाही. सरकारी वस्तू हलवायला लेखी आदेश लागतो, हे साहेबांना तेव्हा आठवलं. रविवारी आठवलं नव्हतं. आदेश टंकलिखित होऊन सहीला गेला. साहेबांनी त्यातल्या दोन शब्दांत दुरुस्ती सुचवली आणि तो पुन्हा टंकलिखित झाला.

मंगळवारी दुपारी टर्मिनल जागेवर गेले. टँकर सकाळीच सुटले होते, जुन्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे. सरपंच पुन्हा दारात होते.

"तुमचं गाव यादीत आहे," साहेब लहान पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "तिसरं. बघा, किती स्वच्छ दिसतंय."

सरपंचांनी वाकून बघितलं. "हाव, दिसतंय," ते म्हणाले. "घागरीत काय घालू?"