नदीच्या नावाची मुलगी

आजोबांना मी त्यांच्या ताईचं नाव विचारलं, तर त्यांना आठवायला जरा वेळ लागला. "ताईच म्हणायचो," ते म्हणाले. मग सांगितलं. एका नदीचं नाव होतं. मेहुण्यांचं नाव त्यांना माहीतच नव्हतं. ते दाजी. आडनाव आणि सायखेडा हे गाव, एवढंच हाती लागलं.

लग्नानंतर ताई दाजींबरोबर बोटीनं आफ्रिकेला गेली. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे होते. दोन वर्षं पत्रं आली. शेवटच्या पत्रात दिवस गेल्याची बातमी होती. त्यानंतर एकही पत्र नाही. घरात सगळ्यांनी एकच अर्थ लावला आणि तो कुणी बोलून दाखवला नाही. आता आजोबा पंच्याऐंशीचे आहेत. गेल्या दिवाळीत ते मला म्हणाले, "दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस. माझी ताई बाळंतपणात गेली की जगली, तेवढं बघून दे."

मला हे काम आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं. जुन्या बोटींच्या प्रवासी याद्या स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेल्या असतात. ताईची लग्नपत्रिका आजोबांच्या ट्रंकेत होती, पण दाजींच्या नावाची जागा वाळवीनं खाल्ली होती, आडनाव तेवढं उरलं होतं. तिच्यावरचं ताईचं नाव आणि दाजींचं आडनाव मी इंग्रजीत सहा तऱ्हांनी लिहून पाहिलं. एकच यादी सापडली, मोंबासाहून लंडनला गेलेल्या बोटीची, पत्रं थांबल्यानंतर सात-आठ वर्षांनी. नाव जुळत होतं, पण वय सात वर्षं. मी पान बंद केलं.

मग आईनं सुचवलं की रामकुंडावरच्या गुरुजींना भेट. अस्थी घेऊन येणाऱ्या घराण्यांची नावं ते पिढ्यान्‌पिढ्या चोपड्यांत लिहून ठेवतात, गावाप्रमाणे. मी दोनदा त्यांच्या दारावरून परत आले. तिसऱ्यांदा गुरुजींनीच हाक मारली.

"काय गं, रोज काय बघून जातेस? ये आत. गाव कोणतं?"

मी सायखेडा सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी लाल कापडात बांधलेली एक लांबट चोपडी सोडली आणि पान माझ्याकडे वळवलं. मी अक्षरं जुळवायला लागले.

"इंग्लिश मीडियम?"

"हो."

"आण इकडे. उद्यापर्यंत बसशील."

दाजींच्या वडिलांच्या अस्थी थोरल्या मुलानं आणल्या होत्या. त्यानं भावांची, भावजयांची नावं लिहवून घेतली होती. धाकट्या भावापुढे 'मुक्काम आफ्रिका', आणि त्याच्या बायकोचं नाव एका फुलाचं.

"ही नाही," मी म्हणाले. "आमच्या ताईआजीचं नाव नदीचं होतं. ती गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं असणार." आजोबांना हे कसं सांगायचं, याच विचारात मी चपला शोधायला लागले.

"थांब जरा. एवढ्यात मारून टाकलंस तिला?" गुरुजी हसले. "ते माहेरचं नाव झालं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, त्यावर नवरा अंगठीनं नाव लिहितो. पाहिलं नाहीस कधी?"

पाहिलं होतं. मावसबहिणीच्या लग्नात त्या ताटाचा फोटो मीच काढला होता. पण माझ्या आईनं लग्नात स्वतःचं नाव बदललं नव्हतं, आणि तांदळातलं नाव पुढे आयुष्यभर कागदोपत्री चालतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्रिका छापतात लग्नाच्या आधी. तिच्यावर माहेरचंच नाव असणार. बोटीच्या यादीत सासरचं.

घाटाच्या पायरीवर बसून मी फोनवर फुलाचं नाव टाकलं. तेच पान उघडलं, मी बंद केलेलं. वरच्या ओळीत दाजी, कारकून. मग ताई, वय अठ्ठावीस. तिच्या खाली ती सात वर्षांची मुलगी, जिला मी चुकीची समजले होते. ताईनं आपलं पुसलेलं नाव मुलीला दिलं होतं.

घरी आल्यावर आजोबांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली. "जगली," ते म्हणाले. बोट खालच्या ओळीवर सरकलं. मग एकदम, "ही पोरगी आता केवढी असेल?"

"पंचाहत्तरीच्या आसपास."

"म्हणजे भाची माझी. म्हातारी झाली आणि मामाला एकदाही भेटली नाही, बघ."

यादीत लंडनमधल्या एका रस्त्याचा पत्ता होता. तो मजकुरात घालून मी तिथल्या मराठी मंडळाला ईमेल लिहायला घेतली. आजोबा शेजारी खुर्ची ओढून बसले. मी त्यांच्यासाठी 'अंकल' लिहिलेलं त्यांनी बरोबर पकडलं.

"अंकल कोण? तो तर शेजारचाही असतो. मामा लिही."

"इंग्रजीत तसा शब्द नाही, आजोबा."

"तिच्या आईनं शिकवला असेल तिला. लिही तू."

मी इंग्रजी अक्षरांत 'मामा' लिहिलं. एरवी एक ईमेल मी चार वेळा वाचते. ही एकदाच वाचली आणि पाठवली.